शब्दकोड्याला थीम हवी आणि कोडेकाराला नाव

'पाणी, अक्षरे दोन.' मराठी कोडी सोडवणाऱ्या प्रत्येकाने हा क्लू कधी ना कधी पाहिलेला असतो. उत्तर 'जल' असू शकते, 'नीर' असू शकते, 'तोय'ही असू शकते. त्या घरांमधून दुसरा एखादा शब्द उभा जात असेल तर निकाल लागतो. जात नसेल तर उद्याच्या अंकाची वाट पाहायची. उद्या 'नीर' छापून येते आणि 'जल' लिहिणारा चुकतो; खरे तर त्याचे काहीच चुकलेले नसते. चूक कोडे रचणाऱ्याची असते. पण तो कोण हे वाचकाला ठाऊक नसते, कारण त्याचे नाव कुठेच छापलेले नसते.

या लेखाचे म्हणणे सरळ आहे. रोजचे मराठी शब्दकोडे हे जागा भरण्याचे साधन राहता कामा नये. त्याला थीम हवी, ते संपादकाच्या हाताखालून गेलेले हवे आणि त्यावर रचणाऱ्याचे नाव हवे. नागपूरच्या आवृत्तीतले कोडे तर नागपुरातच रचले जावे. या शहरात अनेक घरांत मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतले पेपर वाचले जातात. भाषेच्या खेळासाठी इतका तयार वाचक सहजी मिळत नाही, आणि त्याच्यापुढे रोज समानार्थी शब्दांची उजळणी ठेवली जाते.

थीम म्हणजे काय, याबद्दल मोठा गैरसमज आहे. दिवाळीच्या दिवशी पणती, फराळ, उटणे, कंदील हे शब्द चौकटीत घातले की झाले 'दिवाळी विशेष' कोडे, असे समजले जाते. ही यादी झाली. नागपूरच्या मारबत मिरवणुकीच्या दिवशी काळी मारबत, पिवळी मारबत, बडग्या आणि तान्हा पोळा आडवे-उभे बसवले तरीही ती यादीच. यादीत शोधण्यासारखे काही नसते. विषय वरच छापलेला असतो आणि पुढचे सगळे आठवणीवर चालते. थीम चौकटीत लपलेली असते. चार-पाच लांब शब्दांमध्ये एक समान युक्ती असते, ती सोडवणाऱ्याला वर सांगितलेली नसते, आणि ती सापडली की न सुटलेले शब्दही सुटू लागतात. यादीत माहिती तपासली जाते, थीममध्ये तर्क. माझ्या मते सगळा फरक इथेच आहे.

शब्दकोड्याचा जन्म वर्तमानपत्रातला. 21 डिसेंबर 1913 रोजी 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये आर्थर विन यांचे हिऱ्याच्या आकाराचे पहिले कोडे छापून आले. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मात्र 1924 मध्ये या खुळाला संपादकीयातून चांगलेच फटकारले होते. वेळेची ही उधळपट्टी त्यांना पाप वाटली. त्याच वर्तमानपत्राने 15 फेब्रुवारी 1942 पासून रविवारचे आणि 1950 पासून रोजचे कोडे सुरू केले. मार्गारेट फरार या पहिल्या संपादक. चौकट उलटी धरली तरी काळी घरे जागच्या जागी दिसली पाहिजेत, प्रत्येक अक्षर आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत आले पाहिजे, तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द नको, हे नियम तिथे पक्के झाले. आज तिथे सोमवार ते गुरुवारच्या 15 बाय 15 च्या कोड्यांत थीम असते, शुक्रवारी आणि शनिवारी नसते, आणि सोमवारपासून शनिवारपर्यंत कोडे अवघड होत जाते. 1993 मध्ये विल शॉर्ट्झ संपादक झाले आणि रोजच्या कोड्यावर रचणाऱ्याचे नाव येऊ लागले. नाव छापले की जबाबदारी येते आणि प्रतिष्ठाही. चांगली कोडी रचणारी माणसे त्यातूनच तयार होतात.

हे नियम मराठीत जसेच्या तसे चालणार नाहीत, आणि चालावेत असा हट्टही नको. इंग्रजीत एका घरात 26 पैकी एक अक्षर येते. मराठीत घरात अख्खे अक्षर बसते: व्यंजन, त्याची काना-मात्रा-वेलांटी-उकार, अनुस्वार, जोडाक्षर असेल तर तेही. 'विदर्भ' तीन घरांचा: वि, द, र्भ. 'वऱ्हाड'ही तीन: व, ऱ्हा, ड. एका घरात शेकडो शक्यता येतात. रचणाऱ्यासाठी हे कठीण आहे, कारण 'र्भ'मधून उभा शब्द न्यायचा तर गर्भ, संदर्भ, अर्भक अशा मोजक्याच शब्दांशी गाठ पडते. सोडवणाऱ्यासाठी मात्र तेच वरदान आहे. इंग्रजी कोड्यात एक 'ई' हाती लागून फारसे काही कळत नाही. मराठीत 'र्भ' किंवा 'क्ष' हाती लागला की अर्धा शब्द हाती आला. म्हणून मराठीत प्रत्येक घर दुहेरी, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांतले, असण्याचा आग्रह सोडावा, पण निम्मी घरे तरी दुहेरी असावीत आणि लागोपाठची दोन घरे एकेरी नसावीत. एवढे पाळले असते तर 'पाणी, अक्षरे दोन' हा क्लू अन्यायाचा झालाच नसता. मराठी शब्द अक्षरांत मोजले तर आखूड असतात, त्यामुळे रोजच्या कोड्याला 9 बाय 9 ची चौकट पुरते. संख्या विषम ठेवावी; तशी ठेवली तरच मधली ओळ मिळते, आणि थीमचा कणा बहुधा तिथेच बसतो.

एक थीम रचून पाहू. नागपुरात वारांच्या नावाचे बाजार आणि वस्त्या आहेत: इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी. अक्षरे मोजली तर इतवारी चार, बुधवारी चार, शुक्रवारी चार आणि मंगळवारी पाच. चौकट सममित, म्हणजे उलटी धरली तरी तशीच दिसणारी, ठेवायची तर चार अक्षरी शब्दासमोर चार अक्षरी शब्दच हवा. तीन चार-अक्षरी शब्द आहेत, म्हणजे एकाला जोडीदार नाही. इथे थीम उघड करणारा शब्द उपयोगी पडतो: आठवडा. तोही चार अक्षरांचा. आता दुसऱ्या ओळीच्या पहिल्या चार घरांत इतवारी, पाचवे घर काळे, पुढच्या चार घरांत बुधवारी. आठव्या ओळीत पहिल्या चारांत शुक्रवारी, काळे घर, मग आठवडा. मधल्या, पाचव्या ओळीत तिसऱ्या ते सातव्या घरात मंगळवारी, दोन्ही बाजूंना काळी घरे. 'आठवडा' खाली उजवीकडे आला, हेही बरे झाले. वरून खाली येणाऱ्या सोडवणाऱ्याला युक्तीचा उलगडा शेवटाकडे होतो.

आता उभे शब्द. खरी मेहनत इथे आहे, आणि मराठीच्या लेखनाचे नियम इथे पावलोपावली आडवे येतात.

'इतवारी'चा इ. ऱ्हस्व इ हा सुटा स्वर शब्दाच्या शेवटी येत नाही, मध्ये 'बेइमान'सारखा एखादाच. म्हणून उभा शब्द त्याच घरात सुरू करावा: इरादा, इमला, इनाम. तो दुसऱ्या ओळीत सुरू होतो म्हणजे वरचे, पहिल्या ओळीतले पहिले घर काळे. सममितीने शेवटच्या ओळीतले शेवटचे घरही काळे झाले आणि 'आठवडा'चा डा एका उभ्या शब्दाच्या टोकाला आला: केवडा, तुकडा, कोरडा. मिळण्यासारखे आहे.

'शुक्रवारी'चा शु. मराठी लेखननियमांप्रमाणे शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ लिहायचा: पशू, शत्रू. म्हणजे ऱ्हस्व शु वर उभा शब्द संपवता येत नाही. तो शब्द शु पासून सुरू करून नवव्या ओळीत उतरवावा: शुभ. मग सममितीने समोरच्या कोपऱ्यात, पहिल्या-दुसऱ्या ओळीत, 'बुधवारी'च्या री वर संपणारा दोन अक्षरी शब्द येतो: दरी, परी, सरी. पुढचा क्र सातव्या ओळीतल्या च शी जुळून 'चक्र' होतो. 'आठवडा'चा आ शब्दाच्या आरंभी लागतो आणि खाली एकच ओळ उरलेली असते, तेव्हा 'आई'. चौकटीच्या अगदी मध्यावर 'मंगळवारी'चा ळ येतो. मराठीत ळ ने शब्द सुरू होत नाही, म्हणून ळ कधीही उभ्या शब्दाच्या पहिल्या घरात पडू द्यायचा नाही. इथे तो चौथ्या ते सहाव्या ओळीत उभ्या असलेल्या तीन अक्षरी शब्दाच्या पोटात बसतो: ओळख, हळद, काळजी. नवशिक्या कोडेकाराच्या चौकटी बहुधा ळ आणि ण वर अडतात. लांब शब्द आधी लिहून टाकायचा आणि ळ खाली काय येईल हे नंतर पाहायचे, या क्रमाने काम केले की पुढे सगळी चौकट मोडावी लागते. आधी अवघड अक्षरांच्या जागा पाहाव्यात, मग काळी घरे ठरवावीत.

क्लूचे पथ्यही तितकेच महत्त्वाचे. इतवारी: 'सराफा आणि किराण्याची घाऊक पेठ'. मंगळवारी: 'सदरचा बाजार, महापालिकेच्या एका झोनचे नावही'. शुक्रवारी: 'गांधीसागराच्या जुन्या नावातला तलावाआधीचा शब्द'. बुधवारी: 'सक्करदऱ्याचा बाजार'. शेवटच्या क्लूत 'आठवडी बाजार' लिहिण्याचा मोह होतो, पण तो टाळला पाहिजे, कारण 'आठवडा' हे चौकटीतलेच उत्तर आहे. उत्तरातला शब्द दुसऱ्या क्लूत दिसला की कोडे फुटते. 'आठवडा'चा क्लू: 'सात दिवसांचा, त्यातले चार या कोड्यात सापडतील.' चौकटीत कुठेही 'वारी' हा सुटा शब्द, 'वार' किंवा 'बुध' ठेवायचा नाही. तो थीमचाच तुकडा आहे.

या थीममध्ये एक उणीव आहे. चारही शब्द 'वारी'ने संपतात, म्हणजे एकदा युक्ती कळली की आठ घरे फुकट मिळतात. सोमवारच्या सोप्या कोड्यात हे चालेल, नव्हे चांगलेच. नवख्याला थीम पकडल्याचा आनंद लवकर मिळतो. गुरुवारी मात्र अधिक घट्ट काही हवे.

तिथे मराठीची विलोमवाक्ये आहेत. 'ती होडी जाडी होती' उलटे वाचले तरी तेच: ती, हो, डी, जा, डी, हो, ती. सात घरे. 'रामाला भाला मारा' हेही सात. एक तिसऱ्या ओळीत, एक सातव्या ओळीत, समोरासमोर. मध्ये कडक, नवीन, समास, मध्यम असे तीन अक्षरी शब्द, जे दोन्हीकडून सारखेच. इथे एक मोह आवरावा लागतो. 'चिमा काय कामाची' आणि 'तो कवी डालडा विकतो' ही वाक्ये सगळ्यांना पाठ आहेत आणि पहिले तर सात घरांचेच आहे. पण पहिल्यात एका टोकाला चि आणि दुसऱ्या टोकाला ची; दुसऱ्यात वी आणि वि. कानाला ही वाक्ये पटतात, घरांना पटत नाहीत. थीमने 'दोन्हीकडून सारखे' असे वचन दिले असेल तर एक वेलांटीही वेगळी चालणार नाही. काही जण म्हणतील, एवढे काय त्यात. माझे मत उलट आहे: कोड्याचा सगळा करार अचूकतेवर उभा आहे, आणि जिथे रचणारा स्वतःला सूट देतो तिथे सोडवणाऱ्याला तर्क करता येत नाही.

आणखी अवघड हवे असेल तर एका घरात दोन अक्षरे कोंबण्याची युक्ती आहे. समजा, एका घरात 'पूर' बसतो. आडवे 'नागपूर' तीन घरांत, त्याच घरातून उभे 'कापूर' दोन घरांत, दुसरीकडे 'पूरक'. सोडवणारा घरे मोजतो, नागपूर बसत नाही, वैतागतो, आणि मग अचानक दिसते. या युक्तीत 'नागपुरी' घालता येत नाही, कारण तिथे पु ऱ्हस्व होतो, 'पुरणपोळी'ही नाही. रवी पण रविवार, गुरू पण गुरुवार, फूल पण फुलात: मराठी कोडेकाराने ही रूपे तोंडपाठ ठेवावीत आणि शंका आली की कोश उघडावा.

सोडवणाऱ्यासाठी पद्धत अशी. पहिल्या फेरीत फक्त खात्रीचे तीन-चार घरांचे शब्द पेन्सिलीने भरावेत. क्लू क्रियापदाचा असेल तर शेवटच्या घरात बारीक 'णे' लिहून ठेवावा. क्लूमध्ये अनेकवचन असेल तर उत्तरही अनेकवचनी, क्लूत विभक्ती असेल तर उत्तरातही. 'घरात' या क्लूचे उत्तर 'सदनी' होईल, 'सदन' नाही. मग चौकट उलटी धरून पाहावी: सर्वांत लांब शब्द कुठे समोरासमोर आहेत? ते थीमचे. त्यातला एखादा सुटला की दुसऱ्याकडे जायचे आणि दोघांत समान काय आहे हे शोधायचे. 'या कोड्यात', 'चारदा', 'मधोमध' असे शब्द असलेला क्लू दिसला तर तो थीम उघडणारा. अडलात तर आधी तो सोडवा. थीमने सांगितलेले अक्षर आणि उभ्या शब्दाने सांगितलेले अक्षर जुळत नसेल तर खोडण्याआधी ऱ्हस्व-दीर्घ तपासावे. बहुतेक भांडणे तिथेच मिटतात.

सुटल्यानंतर आणखी दोन मिनिटे द्यावीत, कारण रसास्वाद तेव्हाच घेता येतो. थीमचे सगळे शब्द एकाच जातीचे आहेत का, की एक ओढूनताणून आणला आहे? युक्ती पूर्ण झाली का? थीम बसवण्यासाठी कोपऱ्यात कुणी न वापरणारे संस्कृत शब्द भरले आहेत का? आणि सर्वांत मोठा दोष: दोन विशेषनामे एकमेकांना छेदतात का? अल्पपरिचित गावाचे नाव आडवे, जुन्या नटाचे आडनाव उभे, आणि छेदाचे घर दोघांशिवाय कळण्याचा मार्ग नाही. अशा घरात तर्क चालत नाही, फक्त अंदाज चालतो. एका चांगल्या थीमचे कोडेही या एका घराने वाया जाते.

आक्षेप येतील. पहिला असा की ही अमेरिकेची रीत, मराठीला काय करायची. चौकट तिकडची आहे हे खरे. पण बंधन घालून घेऊन भाषेशी खेळणे आपल्याकडे फार जुने आहे. अंतर्लापिकेत प्रश्नाचे उत्तर त्याच श्लोकात दडलेले असते, बहिर्लापिकेत बाहेर शोधावे लागते. मोरोपंतांनी (1729 ते 1794) निरोष्ठ रामायण लिहिले: ओठ मिटून उच्चारायची प, फ, ब, भ, म ही अक्षरे टाळून. म टाळायचा म्हणजे ज्याची कथा त्या 'राम'चे नावच घेता येत नाही. ही थीमच आहे, आणि आजच्या कोणत्याही गुरुवारच्या कोड्यापेक्षा अवघड. घराघरांतले उखाणे, कूटप्रश्न, भेंड्या हे सगळे याच कुळातले. मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला, त्याचे समारंभ झाले. भाषा रोज पंधरा मिनिटे बारकाईने हाताळायला लावणारी एक चौकट पेपरात असणे हे त्या समारंभांइतकेच मोलाचे आहे.

दुसरा आक्षेप: वाचकाला सोपे हवे असते. मग सोमवारी सोपे द्या. थीम म्हणजे अवघड, हा समजच चुकीचा आहे. थीम सोडवणाऱ्याला मदत करते. आज जे अवघड वाटते ते बहुतेकदा संदिग्ध असते, आणि संदिग्ध क्लू तर सोपाही नसतो आणि अवघडही नसतो, तो नुसता अन्यायाचा असतो.

तिसरा: बक्षीस ठेवा, म्हणजे लोक सोडवतील. याला स्पष्ट विरोध करायला हवा. बक्षिसी कोड्यांचा आपला इतिहास चांगला नाही. एका क्लूला दोन-तीन उत्तरे शोभतील असे मुद्दाम लिहायचे, 'बरोबर' उत्तर आधीच सीलबंद ठेवायचे आणि प्रवेश फी घेऊन हजारो लोकांना अंदाज बांधायला लावायचे, असा तो धंदा होता. त्याला आवरण्यासाठी 1955 चा प्राइझ कॉम्पिटिशन्स कायदा आला. महिन्याची एकूण बक्षिसे 1000 रुपयांपर्यंत आणि प्रवेशिका 2000 पर्यंत, अशी मर्यादा त्यात घातली गेली. 1957 मध्ये चमारबागवाला खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कौशल्याची स्पर्धा आणि नशिबाचा जुगार यांत फरक केला आणि जुगाराला व्यापाराच्या स्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. कोड्याच्या दृष्टीने तो फरक अगदी नेमका आहे: ज्या क्लूला एकच सिद्ध करता येणारे उत्तर आहे तो कौशल्याचा, ज्याला तीन आहेत तो नशिबाचा. 'पाणी, अक्षरे दोन'वर बक्षीस नसते एवढेच, बाकी रचना त्याच जातीची. स्पर्धा घ्यायचीच तर कोडी रचण्याची घ्यावी. 1923 मध्ये स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ नागपुरात आहे, महाविद्यालयांत मराठीचे विभाग आहेत. त्यांच्यासाठी हे काम अवघड नाही.

नागपुरात रचले जावे असे म्हणण्याचे कारण अस्मितेचे नाही. बाहेरून आलेल्या तयार कोड्यात कोथिंबीर येते, सांभार येत नाही. गुडघा येतो, टोंगळा येत नाही. शेत येते, वावर येत नाही. इथल्या वाचकाच्या तोंडी हे शब्द रोज आहेत आणि चौकटीला नवी अक्षरे लागतातच. मात्र स्थानिक शब्द वापरताना क्लूत 'विदर्भात' असा उल्लेख हवा, आणि त्या शब्दाची निदान निम्मी घरे सर्वांना येणाऱ्या शब्दांनी छेदलेली हवीत. नाशिकहून बदली होऊन आलेल्या माणसालाही इतवारी-मंगळवारीचे कोडे सुटले पाहिजे. त्यासाठी छापण्याआधी कोडे तिघांकडून सोडवून घ्यावे: एक नागपूरचा, एक विदर्भाबाहेरचा आणि एक पंचविशीच्या आतला. तिघेही जिथे अडतात ते घर बदलावे. जो शब्द एकट्या नागपूरकरालाच सुटतो त्याचा क्लू बदलावा.

छपाईचेही पाहावे. मराठी अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार लागतात. रोमन अक्षरासाठी आखलेल्या लहान घरात 'र्भू' लिहून पाहा. घर 9 मिलिमीटरपेक्षा लहान नको. 9 बाय 9 ची चौकट म्हणजे मग साधारण 81 मिलिमीटर रुंदी, दोन स्तंभांत सहज मावते. घराचा क्रमांक बारीक आणि अगदी डाव्या कोपऱ्यात असावा, नाहीतर वेलांटी त्यावर चढते.

फोनवरच्या आवृत्तीत वेगळीच अडचण आहे. 'शुक्रवारी' कोड्यात चार घरांचा आहे, पण संगणकाच्या हिशेबात नऊ चिन्हांचा: श, उकार, क, हलन्त, र, व, काना, र, वेलांटी. इंग्रजीसाठी बनवलेल्या चौकटीत एक कळ दाबली की खूण पुढच्या घरात उडी मारते. 'श' एका घरात पडतो आणि उकार दुसऱ्या घरात लोंबकळतो. मराठी कोडे फोनवर देणाऱ्याने घर अक्षराने भरते हे आधी शिकवावे, आणि पुढच्या घरात जाणे सोडवणाऱ्याच्या बोटावर सोडावे. हे न करता जुनी चौकट रंग बदलून वापरली तर वाचक दोन दिवसांत निघून जाईल आणि संपादक म्हणतील, मराठीत कोडी चालत नाहीत.

शेवटी उत्तराची चौकट. ती दुसऱ्या दिवशी नुसती भरून छापू नये. खाली दोन ओळींत थीम काय होती ते लिहावे, रचणाऱ्याचे नाव पुन्हा द्यावे, आणि एखाद्या क्लूला दुसरे उत्तरही शोभत होते असे वाचकाने दाखवून दिले असेल तर तिथेच तसे मान्य करावे: 'आडवा 14: जल हेही बरोबर.' कोडेकाराला मानधन बातमीदाराच्या मजकुराइतके तरी द्यावे. एका चांगल्या 9 बाय 9 चौकटीतला एकेक ळ जागेवर बसवायला किती वेळ लागतो, हे ज्याने एकदा बसवला आहे त्याला विचारावे आणि मग दर ठरवावा.